आयकार्डावरचं तोंड

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी मी टाचांच्या भेगांचं मलम तोंडाला लावलं. महाडात औषधांचं दुकान चालवणारा माणूस मी. 'आधी लेबल वाचा' हे वाक्य गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवतो की काही जण मला त्याच नावाने ओळखतात. पण बेसिनवर दोन ट्यूबा शेजारी शेजारी, चष्मा उशाशी आणि मुलाचा व्हिडिओ कॉल कुठल्याही क्षणी यायचा, अशा वेळी भलेभले घसरतात. आधीच्या रविवारी मुलगा बंगळूरहून म्हणाला होता, "बाबा, फार थकल्यासारखे दिसताय. बरं आहे ना?" त्याला तिकडे उगाच घोर नको, म्हणून मी तोंड जरा टवटवीत करायला निघालो होतो. बघता बघता गाल बधिर झाले, कापराचा भपकारा सुटला आणि डोळ्यांतून धारा लागल्या. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, रडताय का?"

मागून बायको म्हणाली, "रडत नाहीत रे. टाचा मऊ करतायत."

मग तिने हसत हसत तिच्या मामांना फोन लावला. तोंडाला काय लावावं, किती लावावं, या बाबतीत आमच्या सगळ्या गोतावळ्यात शेवटचा शब्द त्यांचा. मामांनी सगळी हकिगत गंभीरपणे ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला.

"गो पोरी, जावयांना विचार, खालून वर लावलं का वरून खाली?"

"खालून वर!" मी बेसिनवरूनच ओरडलो.

"मग काय होत नाय. थंड पाण्यानं धुवा आन गप बसा."

पोलादपूरच्या वर, कुडपणच्या बाजूला डोंगरात मामांची वाडी. तिथलं ऊन, वारा आणि चुलीचा धूर असा काही एकजुटीने काम करतो की पन्नाशीतला माणूस स्वतःच्या आजोबांसारखा दिसायला लागतो. मामांनी सत्तरी ओलांडली होती आणि चेहरा मात्र पन्नाशीच्याही अलीकडे थांबला होता. मिशा काळ्याभोर, भांग डावीकडे, गाल चिंचेने घासलेल्या तांब्यासारखे. भाताच्या लावणीला ते छत्री, लांब बाह्यांचा सदरा आणि तोंडाला उन्हाचं पांढरं क्रीम अशा थाटात बांधावर उभे राहत. चिखलात वाकलेल्या बायका खालूनच टोला हाणत, "मामा, नाचात राधा हाय का तुम्ही यंदा?" मामा शांतपणे म्हणत, "तुम्ही पण लावा गो. ढगातूनसुद्धा ऊन लागतं."

हे शास्त्र त्यांनी मुंबईत मिळवलं. फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत ते लिफ्टमन होते. चौथ्या मजल्यावर एका त्वचेच्या डॉक्टरचा दवाखाना होता, आणि लिफ्टमध्ये भिंतभर आरसा. "वर जाताना बाई तोंडावर ओढणी घेऊन जायची, खाली येताना आरशात बघत यायची," मामा सांगत. "वर-खाली करता करता मी सगळा विचारून घेतला." सबंध नोकरी त्यांनी त्या आरशासमोर उभं राहून काढली. त्यामुळे आम्ही सगळे समजत होतो की माणसाला स्वतःच्या तोंडाचं वेड लागलंय. लग्नाकार्यात पोरंटोरं त्यांना 'हिरो' म्हणत. मीही म्हटलंय.

त्यांच्या पडवीत खुंटीला एक आरसा होता आणि आरशाशेजारी खिळ्याला त्यांचं जुनं लिफ्टमनचं आयकार्ड लटकत असे. रोज सकाळी मामा आधी कार्डाकडे बघत, मग आरशाकडे, मग पुन्हा कार्डाकडे. न्हावी जसा फोटो बघून केस कापतो तसं. मिशीचं टोक कार्डापेक्षा जरा लांब झालं की कात्री. कपाळावर नवी रेघ दिसली की मोजकं क्रीम, कपाळाच्या मधून कानशिलाकडे, गालांना हनुवटीपासून वर, डोळ्यांखाली फक्त करंगळीशेजारच्या बोटाने, "कारण त्या बोटात जोर नसतो." हे चालू असताना घराला आग लागली असती तरी मामांनी आधी मान पुरी केली असती.

दर महिन्याला ते एसटीने महाडला उतरत आणि माझ्या दुकानात वजनकाट्याशेजारच्या स्टुलावर बसत. भिंग काढून डब्यांवरची बारीक अक्षरं वाचत. कोलॅजनची पावडर, सी जीवनसत्त्वाच्या गोळ्या, ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सुला, रात्रीचं क्रीम, दिवसाचं क्रीम. मी धंदेवाईक असलो तरी घरचाही होतो. म्हणून सांगत असे, "मामा, उन्हाचं क्रीम लावा, साधं ओलावा धरणारं मलम लावा, पाणी प्या. बाकीच्या पावडरीचं काही खरं नाही. पोटात गेली की तिचं वरण होतं."

"खोटं तरी हाय का?"

"तसंही सांगता येत नाही."

"मग द्या," मामा म्हणत. "वरण तर वरण."

डोळ्यांसाठी आणि कातडीसाठी कुणीतरी त्यांना माशाच्या तेलाच्या कॅप्सुला सांगितल्या होत्या. त्यावरून एकदा श्रावणात घर पेटलं. मामींना तोवर वाटत होतं की त्या पिवळ्या गोळ्या मधाच्या आहेत. मामांनी चुकून एक चावली आणि वास स्वयंपाकघरात गेला. मामी उलथनं घेऊनच बाहेर आल्या. "अवो, श्रावणात बोंबील गिळता व्हय? देव बसलाय घरात!" श्रावणभर गोळ्या बंद ठेवल्या तर गणपतीपर्यंत तोंड तयार होणार कसं, हा मामांचा प्रश्न. गणपतीला मुंबईची माणसं येतात आणि ही मात्रा ऐन वेळी बंद करायची? शेवटी तडजोड झाली. मामांनी कॅप्सूल अंगणाच्या पलीकडे, गुरांच्या गोठ्यामागे जाऊन गिळायची, चूळ भरायची आणि मगच उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं. भर पावसात इरलं डोक्यावर घेऊन मामा गोठ्यामागे जाताना मी पाहिलेत. म्हैससुद्धा मान वळवून बघायची.

मामी मात्र वयाप्रमाणे वागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एवढ्या सुरकुत्या होत्या की हसल्या म्हणजे डोळे शोधावे लागत. एकदा दोघं दुकानात आले तेव्हा माझ्याकडे नवीन लागलेल्या मुलीने अदबीने स्टूल पुढे केलं आणि मामांना म्हणाली, "काका, तुमच्या आईंना इथं बसवा ना." मामांचा हात मिशीकडे गेला. मग मामी हसल्या. खोकला लागेपर्यंत हसल्या. "बस रे बाळा तू पण," असं मामांना म्हणाल्या. घरी गेल्यावर मात्र त्यांनी मामांशी बोलणं टाकलं, आणि पुष्कळ दिवसांनी माझ्या बायकोपाशी एकच वाक्य बोलल्या. "ह्येंना वळखंल गो तो. माझा काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडायला हवा होता. पडला नाही. तो पुढे महाडजवळच्या वीर रेल्वे स्टेशनात पडला.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी मेव्हणीला आणायला वीरला गेलो होतो. गाडी आली की तिथे जत्रा होते. डोक्यावर मखरं, हातात पोरं, आणि बाहेर रिक्षावाले "म्हाड, म्हाड, म्हाड" करत असतात. त्या गर्दीत बाहेर पडायच्या वाटेवर, जिथून प्रत्येकाला जावंच लागतं, तिथे मामा उभे. अंगात लिफ्टमनचा आकाशी शर्ट, खिशावर जुन्या बिल्ल्याची भोकं. आयकार्डावरचाच माणूस खिळ्यावरून उतरून तिथे उभा राहिल्यासारखा. डोळे ताणून प्रत्येक तोंड बघत होते. पापणी लवत नव्हती. मी हाक मारली तरी माझ्याकडे वळले नाहीत. शेवटचा माणूस रिक्षात बसला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि तळव्यांनी दाबून धरले.

"कुणाला न्यायला आलात, मामा?"

"पोरग्याला."

मामांना एक मुलगा होता हे मला ठाऊक होतं. माझ्या लग्नाच्या आधीच तो घरातून गेला होता आणि बायकोच्या माहेरी त्याचं नाव कुणी काढत नसे. मेव्हणीला सामानासकट गाडीत बसवून स्टेशनाबाहेरच्या टपरीवर चहा पिताना मामांनी बाकीचं सांगितलं. पोरगा एकोणीस वर्षांचा होता. मामांनी त्याला ओळखीने दुसऱ्या एका इमारतीत शिपाई म्हणून चिकटवला होता. शिमग्याला दोघं गावी आले. पालखी अंगणात नाचत होती, सगळी वाडी जमली होती, आणि तिथे कुणीतरी बोलून गेलं की पोरग्याने ती नोकरी कधीच सोडली, मुंबईत नुसता भटकतो. मामांनी पालखीसमोर त्याच्या कानाखाली मारली.

"रडला नाय, बोलला नाय," मामा म्हणाले. "माझ्या तोंडाकडं बघत राह्यला. लय वेळ बघितलंन. मग गर्दीतनं निघून गेला तो गेलाच." चहाचा ग्लास त्यांनी बोटांत फिरवला. "त्यानं शेवटचा बघितलेला माझा तोंड हाच, जावई. उद्या आला आन इथं कोण म्हातारा हुबा असला, तर बाजूनं निघून जाईल. त्याला वळखायला सोपा पडाय पाहिजे."

मी दोन्ही ग्लासांचे पैसे दिले. 

त्यानंतर मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्यांतलं पाणी आटलंय. वय आहेच, त्यात एकटक बघण्याची सवय. थेंब घाला, गरम शेक द्या आणि मुख्य म्हणजे पापण्या मिटत चला. "आजोबा, मोटारीच्या काचेला पाणी नसताना वायपर फिरवला तर काच ओरखडते ना? तसं होतंय तुमचं."

मामांना 'आजोबा' लागलं. पण ते वेगळंच म्हणाले. "डॉक्टर, गाडी दोन मिनटं थांबते. मी पापणी मिटली आन तेवढ्यात तो गेला म्हणजे?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी थेंबांच्या बाटलीचं लेबल वाचायला लागलो.

मामी गेल्या तेव्हा हेच डोळे गावात बदनाम झाले. वाडीत माणूस गेलं की हंबरडा असा फोडतात की पलीकडच्या डोंगरावर कळावं. मामा मामींच्या डोक्याशी बसले होते, कोरडेठाक. बायका कुजबुजल्या, "बघ गो, क्रीम लावून बसलाय. बायको गेली तरी तोंड खराब करीत नाय." मला ऐकवेना. मी मामांना घराच्या मागच्या बाजूला नेलं आणि खिशातली थेंबांची बाटली काढली. औषध म्हणूनच घालत होतो, कारण डोळे लाल झाले होते. मामांनी मान वर केली. थेंब जास्त पडले आणि गालांवरून ओघळले. आम्ही परत अंगणात आलो तेव्हा एक म्हातारी समाधानाने म्हणाली, "रडला गो रडला. आता हलका होईल." मामा माझ्या कानाशी म्हणाले, "थंड वाटला जरा." अग्नी पुतण्याने दिला.

ज्या वर्षी डोंगर खाली आले आणि वाडीवाडीतली माणसं खालच्या गावांत हलली, त्या वर्षी सगळ्यांनी मामांना विनवलं, चला, आमच्याकडे राहा. बायको तर पदर पसरायची बाकी होती. मामा आयकार्ड पुसत म्हणाले, "तो आला तर घर जागेवर नको?" घर जागेवर राहिलं. मामा जागेवर राहिले. चेहराही जागेवर राहिला.

फक्त भावकी जागेवर राहीना. आमच्याकडे माणूस बेपत्ता होऊन बारा वर्षं उलटली की त्याचा पुतळा करून दहन करतात; पळसाच्या पानांचं अंग, नारळाचं डोकं, आणि पुढचे सगळे विधी खऱ्या माणसासारखे. मामांच्या मुलाची बारा वर्षं कधीच मागे पडली होती. आता पुतण्याच्या मुलाचं लग्न जमेना आणि देवऋष्याने सांगितलं, तुमच्यातला एक आत्मा अडकलाय. दर गणपतीला, दर शिमग्याला बैठक बसे आणि मामांना घेरलं जाई.

"काका, किती दिवस अडवणार? पोरग्याचा लगीन ऱ्हायलाय."

"जित्या माणसाला जाळू?"

"जिता हाय, पुरावा काय?"

"मी हाय ना," मामा म्हणत आणि उठून आरशासमोर जात.

मग गेल्या गणपतीनंतर पुरावा आला. वाडीतला एक जण महाडच्या कारखान्यांचा माल टेम्पोने गुजरातेत नेतो. तो माझ्या दुकानात आला तेव्हा मामा नेमके स्टुलावर होते. त्याने फोन पुढे केला. वापीच्या अलीकडे हायवेवरच्या एका ढाब्यावर तंदूर सांभाळणारा एक माणूस फोटोत होता. डोक्यावर चार पांढरे केस, गालांची कातडी आगीने करपून काळी पडलेली, तोंडात दात कमी.

"चव वळखीची लागली म्हणून आत डोकावलो," टेम्पोवाला म्हणाला. "विचारला, तू अमक्याचा ना? तर म्हनतो कसा, 'मी नाय तो.' आता सांगा, गुजरातेत असा 'नाय' कोण बोलतो?"

मामांनी फोन डोळ्यांशी धरला. मग खाली ठेवला, थेंब घातले, डोळे मिटून थांबले, धूसरपणा जाऊ दिला आणि पुन्हा बघितलं. "ह्यो तर माझ्या बापासारखा दिसतो," ते म्हणाले. इतकी वर्षं स्वतःचा चेहरा धरून ठेवताना, पोराचंही वय होत असेल हा हिशेब त्यांच्याकडून सुटला होता. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडूनही.

"मी त्याला तुमचा पण फोटो दाखवला, मामा," टेम्पोवाला म्हणाला. "आमच्या हळदीतला. बघ म्हटला, अजून वीरला जाऊन हुबे ऱ्हातात तुझ्यासाठी. लय वेळ बघत बसला."

"काय बोलला?"

"बोलला, 'म्हातारा अजून तसाच हाय.' मग गेला आत."

मामा स्टुलावरून उठले. त्यांच्या त्या घासूनपुसून राखलेल्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा एक सुरकुती आपखुशीने उमटताना पाहिली. "बघा जावई! वळखलंन! तसाच हाय म्हनाला!" दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही त्यांनी सांगितलं. दुकानातल्या मुलीला सांगितलं. मग एकदम कामाला लागले. "ती मोठी डबी काढा, ओलाव्याची. आगीसमोर काम हाय त्याचा. तोंडाला काय लावीत नसंल." डबी त्यांनी स्वतः पिशवीत बांधली आणि टेम्पोवाल्याच्या हातात दिली. "मी दिली म्हणू नको. दुकानातनं दिली म्हण. फक्त सांग, खालून वर लाव."

मी मनात म्हटलं, एवढं सांगितल्यावर कुणी दिली हे सांगायची गरजच काय?

दिवाळीनंतर टेम्पोवाला आला तो डबी घेऊनच. सील तसंच. त्याने मामांना दुकानात बोलावून घ्यायला सांगितलं, कारण वाडीवर जाऊन सांगायची त्याला छाती झाली नाही. पोरगा ढाब्यावर नव्हता. फोटो दाखवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी पिशवी उचलून कुठे तरी निघून गेला होता. मालकालाही पत्ता नाही.

मामांनी डबी हातात घेतली आणि सीलवरून नख फिरवलं. बाहेर एसटी स्टँडकडे जाणाऱ्या रिक्षा ओरडत होत्या.

"फोटो बघून तो काय बोलला, परत सांग रे."

"अजून तसाच हाय, म्हनाला."

"कसा म्हनाला? हसून म्हनाला?"

टेम्पोवाल्याने माझ्याकडे बघितलं. "नाय मामा. हसला नाय."

मामांनी हळूच हात वर केला, उजवा, आणि तळव्याकडे बघितलं. मग तो हात गालावरून फिरवला, वरून खाली. "तोच तोंड दिसला त्याला," ते म्हणाले. "पालखीफुडचा. मी तोच जपून ठिवला ना." मी डबी परत पिशवीत घातली.   "पांढरा झालो असतो, वाकलो असतो, तर कदाचित आला असता गो तो," हे ते कुणाला म्हणाले कळलं नाही. बायको तिथे नव्हती. मामी तर नव्हत्याच.

त्या दिवशी त्यांनी काही विकत घेतलं नाही. फक्त ती डबी नेली.

आठवड्याने त्यांचा फोन आला. भावकीला कळवलंय, कार्य करून टाका. बायकोने फोन स्पीकरवर टाकला आणि ती जवळजवळ ओरडलीच, "मामा, तो जिवंत आहे! तुम्हाला माहीत आहे ना!"

"म्हनूनच करायचा, पोरी." आवाज अगदी सपाट. "त्याला वाटतं, मागं कोण तरी हुबा हाय. तो तिथून पळाला, उद्या दुसरीकडनं पळंल. मी सोडला तर कुठं तरी टिकंल तरी."

"त्याला कसं कळणार तुम्ही सोडलं ते?"

"टेंपोवाला सांगंल. गावोगाव माणसं हायत आपली."

मार्गशीर्षात आम्ही गेलो. वाडीखालच्या ओढ्याकाठी जागा साफ केली होती. पळसाच्या पानांचा पुतळा मांडलेला, वर नारळ. माणसं जमली होती, पुतण्या नवं धोतर नेसून तयार होता, लग्न अडलेला त्याचा मुलगा फोनवर काही तरी बघत होता. आम्ही मामांना शोधायला लागलो. दगडावर एक अनोळखी म्हातारा बसला होता. दाढीचे पांढरे खुंट, मिशा पांढऱ्या, डोक्यावर अर्धे काळे अर्धे पांढरे केस, मुळांशी रंग सुटलेले. गाल आत गेलेले. बायकोने माझा दंड धरला तेव्हा मला कळलं की तो म्हातारा आमचाच आहे. दीड महिन्यात एवढं वय मी कुणाचं वाढलेलं पाहिलं नाही. इतकी वर्षं बाहेर थांबवून ठेवलेलं सगळं एकदम घरात शिरलं होतं.

विधी झाले. पुतण्याने पेटती काडी उचलली तेव्हा मामा म्हणाले, "थांब जरा."

ते उठून पुतळ्याशी गेले, खाली बसायला त्यांना दोन माणसांचा आधार लागला. खिशातून ती डबी काढली, सील फोडलं. थोडं क्रीम बोटावर घेतलं आणि नारळाला लावायला लागले. मधून कानशिलाकडे. खालून वर. जिथे डोळे असतील तिथे करंगळीशेजारच्या बोटाने, जोर न लावता. नारळाच्या शेंडीत क्रीम अडकत होतं. ते त्यांनी बोटाने सारखं केलं. कुणीतरी म्हणालं, "भटजी, चालतो का असा?" भटजी तरुण होते, पोलादपूरहून आलेले. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "लावू द्या."

"आगीसमोर काम हाय त्याचा," मामा म्हणाले.

मग पेटवलं. ओली पानं असल्याने धूर फार झाला. सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. पुतण्याच्या, भटजींच्या, माझ्या, फोन बघणाऱ्या त्या मुलाच्यासुद्धा. धुराच्या ऐन तोंडाशी बसलेल्या मामांचे डोळे मात्र तसेच, लाल आणि कोरडे. मी सवयीने खिशातली बाटली काढून पुढे केली. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि खूप दिवसांनी, सावकाश, पापण्या मिटून घेतल्या.

निघताना बायको त्यांना म्हणाली, "आता तरी चला आमच्याकडे." मामांनी नकार दिला नाही, होकारही दिला नाही. ते पडवीतल्या खिळ्याकडे बघत होते. तिथे आयकार्ड नव्हतं. कुठे गेलं ते आम्ही विचारलं नाही.

आम्ही घाट उतरलो. पोलादपूरला आल्यावर रेंज आली आणि लगेच फोन वाजला. मुलाचा व्हिडिओ कॉल. मी गाडी बाजूला घेतली. माझ्या केसांत राख होती, डोळे सुजलेले, दाढी सकाळची राहून गेलेली. उचलायच्या आधी मी रुमाल काढून तोंड पुसायला लागलो, केसांवर हात फिरवला, आणि आरसा वाकडा करून जरा बरा उजेड कुठे पडतो ते बघू लागलो.

बायकोने माझ्या हातातून रुमाल काढून घेतला.

"राहू द्या," ती म्हणाली. "आहे तसं बघू दे त्याला. सवय होऊ दे."